घोडेस्वारीत पाठीला लावायचा सेन्सर: मांड सुधारते की नुसती पाठ ताठ होते?

पागेतली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मुलीला घोडेस्वारीच्या क्लासला सोडायला जायचे. कुंपणाबाहेर ताटकळत बसण्यापेक्षा आपणही शिकावं असं वाटलं आणि शिकायला लागले. आता दर शनिवार-रविवार सकाळी आम्ही दोघी पुण्याजवळच्या एका तबेल्यात असतो. ती अकरा वर्षांची, मी चाळिशीतली. तिला जे आपसूक जमतं ते मला जमत नाही, आणि त्याचं कारण माझी पाठ. पंधरा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून खांदे पुढे आलेत, पोक निघालाय. घोडी साध्या चालीत असली की ठीक असतं. दुडकी सुरू झाली की मान खाली, खांदे पुढे, टाचा वर. सर रिंगणाच्या मधून ओरडत असतात, "कमर सीधी, एडी नीचे, नजर सामने." तेवढ्यापुरती सुधारते, पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी पाठीला चिकटवायचं एक उपकरण घेतलं. नाव लिहीत नाही. ते खुर्चीत बसणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे, त्यामुळे घोड्यावर चाललं नाही याचा दोष त्याला देणं बरोबर नाही. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध ते बसतं. आधी सरळ बसून 'ही माझी सरळ स्थिती' हे त्याला शिकवायचं, मग त्यापेक्षा ठरावीक कोनात वाकलात की ते थरथरतं.

साध्या चालीत छान काम झालं. आपण किती वेळा खाली बघतो हे मला त्या थरथरीमुळेच कळलं. दुडकीत मात्र, उठबस करताना (म्हणजे घोडीच्या ठेक्यावर खोगिरातून उठायचं आणि परत बसायचं), जवळजवळ प्रत्येक उठण्याला ते थरथरायचं. ते थांबावं म्हणून मी छाती काढून, पाठ मागे खेचून बसायला लागले. थरथर थांबली आणि मला वाटलं, जमलं. तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, घोडी नीट चालत नाहीये. राणी चौदा वर्षांची आहे, शांत, कुणाचंही ऐकणारी. ती मान वर काढून, पाठ खाली सोडून, आखूड पावलं टाकत होती. सरांनी मला उतरवून मुलीला बसवलं, तर दोन फेऱ्यांत राणीची मान खाली आली. त्या दिवशी फार वाईट वाटलं. उपकरणाच्या हिशेबाने मी सरळ होते, आणि तिला माझा त्रास होत होता.

आता मला समजून घ्यायचं आहे की चूक नेमकी कुठे झाली. घोडेस्वारीसाठी असा सेन्सर वापरायचाच तर कुठे लावावा, किती वेळ लावावा? आणि मुलगी मागे लागली आहे, तिला द्यावा का?

तंगखोगीर

ताई, तुम्ही घोडीचं बघून थांबलात हे फार चांगलं केलंत. तिथूनच सुरुवात करायची असते.

मी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोड्यावर बसायला शिकलो. त्याला आता चाळीस वर्षं झाली. आमचे उस्ताद रिसाल्यातले दफेदार. पहिले कित्येक दिवस त्यांनी रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) दिल्याच नाहीत. लांब दोरीवर घोडा गोल फिरवायचे आणि आम्ही हात पसरून, कधी डोळे मिटून, नुसते बसायचो. पडायचो, पुन्हा बसायचो. एक दिवस असा आला की अंग घोड्याबरोबर हलायला लागलं, आणि ते कधी लागलं हे कुणालाच सांगता आलं नाही. आपल्याकडे याला 'मांड बसणे' म्हणतात. मांड आणि मांडी एकाच घरचे शब्द. मांड पाठीत नसते, ती मांडीत आणि कमरेत असते. तुमचं उपकरण पाठीला चिकटलेलं आहे, म्हणजे ते शेंड्याला बसून मुळाची खबर देतंय.

पण जुनं ते सगळं बरोबर असंही मी म्हणणार नाही. आमचे उस्ताद गुडघा आणि खोगिराच्या मध्ये रुमाल धरायला लावायचे, पडला की शिक्षा. आज कुणी चांगला शिक्षक गुडघा आवळायला सांगत नाही. आवळलेला गुडघा बिजागरीसारखा होतो: पोटरी मागे सरकते, टाच वर येते आणि वरचं अंग पुढे झुकतं. हे मला वयाच्या पन्नाशीत नव्याने शिकावं लागलं.

सोल्डरिंगवाला

मी घोड्यावर आयुष्यात एकदाच बसलोय, माथेरानला. पण या सेन्सरांवर रोज काम करतो, त्यामुळे तुमचं उपकरण दुडकीत का चुकलं ते सांगू शकतो. थोडं सविस्तर लिहितो.

अशा उपकरणात मुख्यतः ॲक्सेलरोमीटर असतो. तुम्ही स्थिर बसलात की त्याला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं, १ जी. ते कोणत्या दिशेला आहे यावरून तो सांगतो की आपण किती कललो. खुर्चीत हे अगदी बरोबर चालतं. घोड्याच्या दुडकीत मिनिटाला साधारण ७५ ते ८० पूर्ण पल्ले (चारही पायांचं एक आवर्तन म्हणजे एक पल्ला) होतात आणि एका पल्ल्यात स्वार दोनदा उसळतो, म्हणजे मिनिटाला दीडशेच्या आसपास उसळ्या. उसळीच्या माथ्यावर सेन्सरला वजन जवळजवळ नाहीसं झाल्यासारखं वाटतं, खाली येताना ते दुपटीच्या घरात जातं. यातलं गुरुत्वाकर्षण किती आणि उसळी किती हे एकट्या ॲक्सेलरोमीटरला वेगळं करता येत नाही. मग तो जो कोन सांगतो त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

यावर उपाय म्हणजे सोबत जायरोस्कोप. तो फिरण्याचा वेग मोजतो, उसळीने फसत नाही. पण त्याची चूक हळूहळू साठत जाते आणि काही मिनिटांत कोन सरकतो. म्हणून दोघांना जोडतात: क्षणाक्षणाचा बदल जायरोकडून घ्यायचा आणि दीर्घ सरासरी ॲक्सेलरोमीटरकडून. किती वजन कुणाला द्यायचं हे गणित खुर्चीसाठी वेगळं, घोड्यासाठी वेगळं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकच सेन्सर असेल तर 'कमरेतून पुढे झुकणं' आणि 'पोक काढणं' हे त्याला सारखंच दिसतं. दोन्हींत पाठीचा वरचा भाग पुढे कलतो. दुडकीत उठबस करताना शरीर थोडं पुढे जाणं बरोबरच असतं ना? तुमचा सेन्सर त्या बरोबर हालचालीलाच चूक म्हणत होता, आणि तुम्ही त्याचं ऐकलंत.

म्हणून दोन सेन्सर हवेत. एक वर, दुसरा खाली माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर. दोघांच्या कोनातला फरक बघायचा. दोन्ही सारखेच कलले तर तुम्ही सरळ पाठीने झुकलात. फक्त वरचा कलला तर पोक. आणि दोघांना उसळी जवळपास सारखी बसत असल्याने तिचा बराचसा गोंधळ वजाबाकीत निघून जातो.

पागेतली

@सोल्डरिंगवाला, हे वाचून मला रडू यायचं बाकी राहिलंय. हो, उठबस करताना थोडं पुढे जाणं बरोबर असतं, सर तेच शिकवतात! मी सरांचं सोडून त्या थरथरीचं ऐकत बसले.

मणकेमित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सातारा. माझ्याकडे घोडेस्वार थोडेच येतात, पण कंबरदुखीवाले रोज येतात, आणि गोष्ट तीच आहे.

मराठीत 'ताठ' आणि 'सरळ' हे दोन शब्द आहेत, आणि शरीराच्या बाबतीत त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मणक्याला नैसर्गिक वळणं असतात, मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत. ती वळणं जागेवर ठेवून कमीत कमी जोर लावून बसणं म्हणजे सरळ बसणं. छाती काढून, कमरेला खोल बाक देऊन बसणं म्हणजे ताठ बसणं. तुम्ही जे केलंत ते दुसरं. त्यात कमरेचे स्नायू आवळले जातात, आणि आवळलेली कंबर घोड्याच्या पाठीची हालचाल झेलू शकत नाही. मग प्रत्येक उसळीला तुमचं वजन खोगिरावर आपटतं. दुडकीत स्वाराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार क्षणभर घोड्याच्या पाठीवर येतो, हे खोगिराखाली दाब मोजणाऱ्या चटया टाकून मोजलं गेलंय. तो भार अंगात मुरला तर ठीक, आपटला तर राणीने मान वर करून पाठ खाली सोडणं अगदी स्वाभाविक आहे.

घरी करून बघा. लाकडी पाटावर किंवा कडक स्टुलावर बसा, तळहात बुडाखाली घाला. दोन टोकदार हाडं हाताला लागतील. ती बैठकीची हाडं. कंबर मागे ढकलून पोक काढा, ती पुढच्या बाजूला सरकतील. कमरेला बाक द्या, मागे जातील. मधे एक जागा अशी येईल की दोन्ही हाडं थेट खाली रुततात. तीच तुमची जागा. दोन्ही हातांवर सारखा दाब येतोय का तेही बघा. बहुतेकांना नाही येत. ऑफिसात एका कुशीवर बसणारा घोड्यावरही एका कुशीवर बसतो.

आता किती वेळ लावायचा याबद्दल. हालचाल शिकण्यावर मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून बरंच काम केलंय. प्रत्येक वेळी चूक दाखवून दिली तर माणूस सरावात झपाट्याने सुधारतो, पण ती खूण काढून घेतली की बरंचसं विसरतो, कारण त्याने आपल्या शरीराकडे लक्ष देणंच सोडलेलं असतं. खूण अधूनमधून दिली तर सराव कच्चा दिसतो पण शिकलेलं टिकतं. म्हणून सेन्सर लावा, पण पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. आणि बंद असताना स्वतःला विचारा, आत्ता तो थरथरला असता का? मग चालू करून पडताळा.

मुलीला देऊ नका. तिला जे आपसूक येतंय त्यात आपण कशाला शिरायचं?

शहाद्याचा

आमच्याकडे तीन घोडे आहेत, दोन मारवाडी, एक काठेवाडी. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते ती तुम्हाला माहीत असेलच, तिथलं सगळं लहानपणापासून पाहिलंय. एक गोष्ट सांगतो जी वरती कुणी बोललं नाही.

आमच्या यातल्या एका घोड्याला रेवाल चाल आहे. यात एका अंगाचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ सोबत पडतात. दुडकीसारखी उसळी नाही. स्वार पाण्याने भरलेला तांब्या घेऊन बसला तरी सांडू नये, ही या चालीची परीक्षा, आणि यात्रेत घोड्याची किंमत तिच्यावर ठरते. मी मोबाइलमधलं एक घोडेस्वारीचं ॲप लावून पाहिलं. माझा घोडा मस्त रेवाल चालत होता आणि ॲप म्हणत होतं की तो साधा चालतोय, मधूनच म्हणायचं की दुडकीत आहे. दोन ठोक्यांची दुडकी शोधायला शिकवलेलं यंत्र, त्याला आमच्या घोड्याची चाल कशी कळणार? बसण्याची ढबही वेगळी असते. रेवालमध्ये उठबस करायचीच नसते, कंबर सैल सोडून, पाय थोडे पुढे ठेवून बसायचं. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत हा नेहमीचा नियम आमच्याकडच्या खोगिरावर तसाच्या तसा लागू होत नाही.

तेव्हा कुठलाही सेन्सर घेताना विचारा, हा कोणत्या घोड्यावर आणि कोणत्या खोगिरावर तपासलाय.

सोल्डरिंगवाला

@शहाद्याचा, हे माझ्यासाठी नवीन आहे आणि फार मोलाचं आहे. रेवाल चालीचा डेटा मिळाला तर मी आनंदाने बघेन. मोबाइल कमरेच्या पट्ट्यात घट्ट बांधून दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरेल.

राइनवासी

जर्मनीत आठ वर्षं आहे, इथे चाळिशीतच शिकले. तंगखोगीर काकांनी सांगितलेली लांब दोरी इथे आजही पहिली पायरी आहे, तिला लाँज म्हणतात. घोडा शिक्षकाच्या हातात, तुमच्या हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही, लक्ष फक्त आपल्या अंगावर. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवशिक्यांना आधी लाँजवरच घडवतात. त्या शाळेचा उल्लेख १५६५ पासून सापडतो आणि मुलींना तिने पहिल्यांदा प्रवेश दिला २००८ साली!

इथल्या तबेल्यात सेन्सरही दिसतात. पण जास्त उपयोग होताना पाहिलाय तो दोन साध्या गोष्टींचा. एक म्हणजे फिरता कॅमेरा-स्टँड, पिव्होसारखा, जो घोड्यामागे मोबाइल आपोआप वळवतो. दुसरी म्हणजे रंगीत चिकटपट्टी. गडद जॅकेटवर मणक्यावरून एक उभी पट्टी आणि दोन खांद्यांवरून एक आडवी. मैत्रिणीला मागून व्हिडिओ काढायला सांगा. मी डाव्या बाजूला किती ढासळते हे मला सहा वर्षं कुणी सांगूनही पटलं नव्हतं, ते त्या पट्टीने एका मिनिटात पटलं. आडवी रेषा चक्क उताराला लागली होती.

आणि बाजारात 'घोडेस्वारीचा सेन्सर' म्हणून जे मिळतं त्यातले बरेच स्वाराचे नसतातच. इक्विसेन्स नावाची फ्रेंच कंपनी २०१५ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झाली, तिचा सेन्सर तंगाला (खोगीर बांधायच्या, पोटाखालच्या पट्ट्याला) लागायचा आणि घोड्याची चाल, समतोल मोजायचा. उपयोगी, पण तुमची पाठ त्याला दिसत नाही. घेण्याआधी हे नीट बघा.

पायरीपायरी

खूप छान चर्चा. वाचतेय.

हेल्मेटआधी

सुरक्षिततेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कृपया गांभीर्याने घ्या.

मणक्यावर कडक वस्तू लावून घोड्यावर बसू नका. पाठीवर पडलात तर ती डबी थेट हाडावर दाबली जाते. घरी बनवलेल्या उपकरणात लिथियमची बॅटरी असते, ती चेपली गेली तर पेट घेऊ शकते. सेन्सर पातळ असावा, मणक्याच्या बाजूला स्नायूवर बसवावा, बॅटरी कमरेच्या पट्ट्यात बाजूला. हेल्मेटला काही चिकटवू नका. हवेने फुगणारं जॅकेट वापरत असाल तर त्याच्या दोरीत वायर अडकणार नाही हे बघा. ती दोरी खोगिराला बांधलेली असते आणि पडताना तिनेच जॅकेट फुगतं.

आणि बीप आवाज बंद ठेवा. आवाजाने घोडा बिचकतो. थरथर फक्त स्वाराला कळते.

तंगखोगीर

हेल्मेटआधी यांच्याशी शंभर टक्के सहमत.

जाता जाता एक. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी ड्रेसाजमध्ये (स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायचा प्रकार) सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीत १९८२ नंतर पहिलं. ते पुन्हा पुन्हा बघा, आपल्या मुंबईचा हृदय छेडाही त्यात होता. घोड्याकडे बघू नका, स्वाराच्या कमरेकडे बघा. वरचं अंग निश्चल दिसतं, पण कंबर सतत हलत असते. ती हलते म्हणून वरचं निश्चल राहतं.

पागेतली

सात आठवड्यांनी परत आलेय, कारण इथल्या प्रत्येकाला सांगायचं होतं.

जुनं उपकरण आता फक्त ऑफिसच्या खुर्चीत वापरते. सरांना हा धागा दाखवला. त्यांनी दर शनिवारी पहिली वीस मिनिटं मला लाँजवर घ्यायला सुरुवात केली, रिकिबीशिवाय. पहिल्या दिवशी खोगिराची पुढची कड सोडवत नव्हती. चौथ्या आठवड्यात हात पसरता आले.

@सोल्डरिंगवाला यांच्याशी निरोपानिरोपी करून भावाने दोन सेन्सरांचा एक पट्टा बनवला. कुणाला करायचा असेल तर: दोन एमपीयू-६०५० (ॲक्सेलरोमीटर आणि जायरो एकत्र असलेले सेन्सर), एक ईएसपी-३२ (त्यांचे आकडे वाचणारा छोटा बोर्ड), आणि थरथरणारी नाण्याएवढी मोटर. बोर्ड ज्या पत्त्यावरून सेन्सर ओळखतो तो दोन्ही सेन्सरांचा सारखाच असतो, म्हणून एकाची एडी-झीरो पिन ३.३ व्होल्टला जोडावी लागते. मोटर आधी खालच्या सेन्सरशेजारीच लावली होती, तर तिच्याच थरथरीने आकडे बिघडायचे. आता ती पोटावर, पट्ट्याच्या बक्कलाजवळ आहे. वरचा सेन्सर मणक्याच्या डाव्या बाजूला, बॅटरी कुशीत. प्रत्येक वेळी घोडीवर बसल्यावर, ती स्थिर उभी असताना, बैठकीची हाडं जागेवर आणून मग शून्य करते. जमिनीवर उभं राहून शून्य केलं तर सगळं चुकतं, कारण खोगिरावर कमरेचा कोन वेगळा असतो.

पट्टा फक्त रविवारी, पाच मिनिटं चालू आणि दहा बंद. गंमत म्हणजे पोक दुडकीत निघतच नाहीये. निघतो तो दुडकीतून साध्या चालीत उतरताना, त्या दोन-तीन पावलांत. तिथे मी श्वास सोडते आणि त्याबरोबर सगळं अंगच सोडून देते. हे सरांनाही दिसलं नव्हतं, कारण तेव्हा त्यांचं लक्ष घोडीच्या पायांकडे असतं. आता तेवढंच एक धरलंय.

चिकटपट्टीचा व्हिडिओही काढला. @राइनवासी, माझी रेषा उजवीकडे उतरते! मणकेमित्र म्हणाले तसं पाटावर बसून पाहिलं तर उजव्या हातावर दाब जास्त. पण मुलगी त्याच खोगिरावर बसली तर तिचीही रेषा थोडी उजवीकडेच. म्हणजे सगळं माझ्या पाठीत नसावं. सरांनी खोगीर उलटं करून पाहिलं, उजव्या बाजूची गादी चेपलेली वाटते. येत्या रविवारी ते दुसरं खोगीर घालणार आहेत. दोघींचे व्हिडिओ काढून इथे टाकते, तुम्ही सगळ्यांनी बघून सांगा.

राणी परवा संपूर्ण तास मान खाली ठेवून चालली. मी उतरल्यावर तिने नाक माझ्या खांद्यावर घासलं. खरारा करताना तिच्या पाठीवरून हात फिरवला, खोगिराच्या जागी दोन्ही बाजूंना दाबून पाहिलं. डावीकडे काही नाही, उजवीकडे मात्र ती किंचित आकसली. म्हणून रविवारपर्यंत थांबवत नाहीये, उद्याच डॉक्टरांना बोलावलंय.